अठ्ठ्याऐंशी नंबरची क्वेरी

अवधूत आगाशेंच्या हातून चूक झाली, असं एडिनबरातल्या मराठी मंडळींना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याचीच चूक काढली असती. मंडळाच्या गणपतीत कोण किती पुऱ्या आणणार, कुणाच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हॉलची किल्ली कौन्सिलला किती वाजता परत द्यायची, हे सगळं आगाशेंच्या एक्सेलमध्ये असायचं, आणि त्या एक्सेलला रंग असायचे. एकदा सव्वाशे मोदकांच्या जागी एकशे चोवीस आले, तर आगाशेंनी आरतीच्या आधी तसं जाहीर केलं. लोक पोट धरून हसले, आणि पुढच्या वर्षी यादी पुन्हा त्यांच्याच गळ्यात घातली. मूळ मिरजेचे, शिक्षण सांगलीचं, पहिली नोकरी पुण्याची, आणि आता चौदा वर्षं स्कॉटलंडच्या थंडीत. वय एकावन्न. चेहऱ्यावर कायम असा भाव, की तुम्ही काहीतरी विसरला आहात आणि ते त्यांना आठवतंय. आपण त्यांना अवधूतच म्हणू या, कारण पुढे जे सांगायचंय त्यात अहो-जाहो त्याला स्वतःलाच सोसलं नसतं.

नोकरी बँकेत, पण काउंटरवर नव्हे. या बँकेतून हजारो ब्रिटिश पेन्शनरांची पेन्शन दर महिन्याला स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंडला जायची. जन्मभर पावसात भिजलेली ही माणसं म्हातारपणी उन्हात जाऊन बसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पूर्वी पैसे पाठवायची प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी होती. एकाकडे खात्याचा नंबर वीस आकडी, दुसऱ्याकडे वेगळाच, नाव लिहायची रीत तिसरीच. युरोपनं हे सगळं मोडून एकच सामायिक पद्धत आणली, त्यालाही बरीच वर्षं झाली. अवधूतच्या बँकेनं मात्र मध्ये एक जुना प्रोग्राम बसवून दिवस ढकलले होते. तो जुन्याचं नव्यात रूपांतर करून द्यायचा, आणि त्याच्या पोटात काय चालतं हे माहीत असलेली माणसं एकेक करून रिटायर होत होती. शेवटी वरून हुकूम आला, की सप्टेंबरपर्यंत सगळी खाती सामायिक पद्धतीत न्या आणि तो प्रोग्राम बंद करा. जुन्या नोंदीतलं काय उचलून नव्या नोंदीत कुठं ठेवायचं, याचा तक्ता करायचं काम अवधूतकडे आलं. त्याच्याकडे येणारच होतं.

जुन्या पद्धतीची शेवटची माहीतगार होती आयलीन मकॉल. वय चौसष्ट, त्यातली बेचाळीस वर्षं याच बँकेत. परदेशातल्या पेन्शनरांचे फोन तीच घ्यायची, आणि त्यातल्या विधवांना ती 'माझ्या बायका' म्हणायची. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाचा मुलगा फोन करत नाही, हे तिला खातेनंबरासकट पाठ असे. आठवड्यातले चार दिवस ती ऑफिसात यायची. बुधवार तिचा सुटीचा, कारण बुधवारी दहा महिन्यांची नात, इस्ला, तिच्याकडे असायची.

एप्रिलमध्ये आयलीननं अवधूतचा तक्ता वाचला आणि सिस्टिममध्ये शंका, म्हणजे क्वेरी, टाकली. नंबर अठ्ठ्याऐंशी. नवराबायकोची खाती जोडीची असल्यामुळे जुन्या नोंदीत नावाला दोन जागा होत्या. अवधूतनं तक्त्यात पहिलं नाव ठेवलं होतं आणि दुसरं सोडून दिलं होतं. आयलीननं लिहिलं, 'दुसरी नावं कुठं गेली? माझ्या बऱ्याच बायका दुसऱ्या नावात आहेत.'

खरं सांगायचं तर अवधूतनं त्यावर विचार केलाच नव्हता. मिरजेच्या घराच्या दारावर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर वडील, गॅसच्या पुस्तकावर वडील. आईचं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठं छापून आल्याचं त्याला आठवत नव्हतं. पहिलं नाव घेतलं की अख्खं घर आलं, हे अंगात इतकं मुरलेलं, की दुसऱ्या नावाची जागा म्हणजे त्याला नुसती अडगळ वाटली. ज्या घरातला नवरा वारला होता, तिथं पहिल्या जागी मेलेल्या माणसाचं नाव तसंच होतं आणि जिवंत बाई दुसऱ्या जागी होती, हे त्याला माहीत नव्हतं. आयलीनला माहीत होतं, आणि ती तेच विचारत होती.

आता क्वेरी बंद करायचे तीन मार्ग होते. एक, दुरुस्ती करायची. दोन, 'नामंजूर' म्हणायचं, पण मग सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना कारण पटवावं लागे. आणि तीन, 'विचारणाऱ्यानं मागे घेतली' असं नोंदवायचं. तिसऱ्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नसे, त्यामुळे तो मार्ग फार लोकप्रिय होता. दर शुक्रवारी चार वाजता लंडनला आकडे जायचे, आणि उघड्या क्वेरी दहाच्या वर गेल्या की अहवालातला हिरवा रंग पिवळा व्हायचा. सबंध प्रोजेक्टात अवधूतचा रंग एकदाही पिवळा झाला नव्हता.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी उघड्या क्वेरी अकरा होत्या. अवधूतनं पावणेचारला आयलीनला फोन लावला. ती जागेवर नव्हती. त्यानं अठ्ठ्याऐंशी उघडली, 'मागे घेतली'वर क्लिक केलं आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, 'फोनवर बोलणं झालं.' सोमवारी बोलू, असं मनात होतं. सोमवारी राहिलं. मंगळवारी आठवलं, तेव्हा न बोलणंच सोपं वाटलं. आयलीनला क्वेरी बंद झाल्याची मेल गेली, पण तशा मेल दिवसाला साठ यायच्या. बंद झाली म्हणजे दुरुस्ती झाली, असं तिनं सरळ मनानं धरलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाती सामायिक पद्धतीत गेली, आणि तीनशे सतरा पत्रं मेलेल्या नवऱ्यांच्या नावानं निघाली. 'आपलं खातं नव्या पद्धतीत नेल्याचं कळवताना आनंद होतो.' तिकडच्या बँकांनी या नावाचा माणूस आमच्याकडे नाही म्हणून पेन्शनी परत पाठवल्या. आयलीनचा फोन दिवसभर खाली ठेवायची सोय राहिली नाही. स्पेनमधल्या एका बाईनं लिहून कळवलं, की नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तुमचं पत्र संपेपर्यंत मला दोनदा बसावं लागलं. सगळं निस्तरायला नऊ दिवस गेले. मग चौकशी बसली.

चौकशीच्या मीटिंगला हरीश वैद्य लंडनहून आला होता. हरीश प्रोजेक्टचा प्रमुख, अवधूतचा पुण्यापासूनचा दोस्त. त्यानं मोठ्या स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशी उघडली. विचारणारी आयलीन मकॉल. विचारणाऱ्यानं मागे घेतली. फोनवर बोलणं झालं. हरीश म्हणाला, की म्हणजे प्रश्न विचारला गेला होता, पण नंतर तो मागे घेण्यात आला. खोलीतल्या सगळ्यांनी आयलीनकडे पाहिलं.

आयलीननं चष्मा लावला, उठून स्क्रीनपाशी गेली आणि अगदी जवळून वाचलं.

"मी मागे घेतली?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "घेतली असेल. इथं लिहिलंय तसं."

अवधूत तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. त्यानं समोरचा ग्लास उचलला आणि तो पाणी प्यायला. पाणी संपेपर्यंत हरीश पुढच्या मुद्द्यावर गेला होता. शाळेत कॉपी करताना धरलेल्या मुलाला वाटावी तशी लाज त्याला वाटली. फरक एवढाच, की त्याला कुणी धरलं नव्हतं.

आठवडाभरानं त्यानं हरीशला फोन केला.

"हरीश, त्या एटी-एटबद्दल जरा बोलायचं होतं. ॲक्च्युअली, तिनं ती एक्सप्लिसिटली विदड्रॉ केली नव्हती."

"म्हणजे? तुमचं फोनवर डिस्कशन झालं होतं ना?"

"तसं, फुल्ली नाही झालं."

हरीश हुशार माणूस, त्याला जे कळायचं ते कळलं, आणि जे कळून घ्यायचं नव्हतं ते त्यानं घेतलं नाही.

"हे बघ अवधूत, रिपोर्ट साइन-ऑफ झालाय. कुणावर ॲक्शन नाहीये. शी इज रिटायरिंग इन नोव्हेंबर एनीवे. झाकली मूठ आहे, राहू दे ना. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

अवधूतला हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, याची त्याला इतकी किळस आली, की त्या दिवशी त्यानं आरशात न बघताच दाढी केली आणि हनुवटी कापून घेतली.

ऑक्टोबरमध्ये एकदा कॅन्टीनमध्ये तो रांगेत असताना आयलीननं त्याला हाक मारली. पूर्वी तिच्या टेबलाभोवती चार-पाच जणी असायच्या. हल्ली ती एकटी कोपऱ्यात बसायची. टाळायची सोय नव्हती, म्हणून तो ट्रे घेऊन तिच्यासमोर बसला.

"एव्ही, तुला एक विचारू?" सगळं ऑफिस त्याला एव्ही म्हणायचं. "त्या दिवशी फोनवर मी नक्की काय म्हणाले होते?"

अवधूतच्या हातातला चमचा सूपच्या वाडग्यावर थांबला.

"मला त्यातला एक शब्दही आठवत नाही," ती म्हणाली. "कधी फोन आला, मी काय बोलले, काही नाही. आणि मी माझ्या बायकांबद्दलची गोष्ट अशी सोडून देईन, हेही मला पटत नाही. पण लिहिलंय तर खरं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी फोनवरची बोलणी जायला लागली."

"काही विशेष नव्हतं," अवधूत म्हणाला. "असंच, जनरल बोललो आपण. अहो, सगळेच विसरतात."

मे महिन्यातलं खोटं एका क्लिकचं होतं, आणि ते घाईत झालं असं तो स्वतःला सांगू शकत होता. हे मात्र त्यानं तिच्या डोळ्यांत बघून, तोंडानं सांगितलं. ती मान हलवत राहिली, आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं. नातीला बुधवारी आणू नकोस, नर्सरीत घाल, असं तिनं मुलीला, कर्स्टीला, सांगितलं होतं. बाळाला टबमध्ये बसवलं आणि विसरले तर? दाराची बेल वाजली, मी गेले, आणि ती टबमध्येच राहिली तर? डॉक्टरनं डिसेंबरात स्मृतीची तपासणी ठरवली होती. हे सगळं सांगून तिनं ब्रेडचा तुकडा सूपमध्ये बुडवून खाल्ला, आणि अवधूतला म्हणाली, "तुझं सूप गार होतंय."

त्यानंतर अवधूत घरात असून नसल्यासारखा झाला. दिवाळीच्या कार्यक्रमाची यादी त्यानं या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली, तेव्हा मंडळात काळजीचं वातावरण पसरलं. कुणी म्हणालं शुगर असेल, कुणी म्हणालं नोकरी जातेय. त्याची बायको देवयानी हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिनं दोन आठवडे वाट पाहिली. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दोघंही घरी होती, तेव्हा ती मेथीची जुडी घेऊन त्याच्या लॅपटॉपसमोर येऊन बसली.

"काय झालंय ते तू मला सांगणार आहेस, का मी हरीशला फोन करू?"

अवधूतनं आधी तक्त्यातल्या चुकीबद्दल सांगितलं. दोन नावांच्या जागा, पहिलं ठेवलं, दुसरं सोडलं. देवयानी मेथी निवडत होती.

"आपल्या जॉइंट अकाउंटला पहिलं नाव कुणाचं आहे रे?"

"माझं."

"हं. पुढे सांग."

पुढचं सांगायला त्याला बराच वेळ लागला. क्लिक, शेरा, मीटिंग, पाण्याचा ग्लास. शेवटी कॅन्टीन. देवयानीचे हात थांबले होते. ती रागावेल, निदान काहीतरी बोलेल, अशी तो वाट बघत होता, कारण कुणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

"आज बुधवार ना?" ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आत्ता ती बाई घरी एकटी बसली असेल. नात नर्सरीत. आणि तू हे मला सांगतोयस."

ती मेथी घेऊन आत गेली. अवधूतनं कोट चढवला, सवयीनं लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली आणि आयलीन राहायची त्या समुद्रकाठच्या पोर्टोबेलोची बस पकडली. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. सुरुवातीला प्रेशरचं सांगायचं, मग शुक्रवारच्या आकड्यांचं, मग फोन लावला होता पण ती नव्हती हे. समुद्र दिसायला लागेपर्यंत ती सगळी वाक्यं त्याला इतकी गुळगुळीत वाटायला लागली, की तोंडातून काढायचीच लाज वाटली.

आयलीननं दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, आणि मग भीती. आपण याला बोलावलं होतं आणि विसरलो की काय, हे तिच्या डोळ्यांत त्याला स्पष्ट दिसलं. त्यामुळे त्यानं कोटही न काढता, दारातल्या पायपुसण्यावर उभ्या उभ्या सांगितलं.

"आयलीन, फोन झालाच नव्हता. तुम्ही काही विसरला नाहीत. मी खोटं लिहिलं."

आयलीन म्हणाली, "पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही. तुम्ही क्वेरी मागे घेतली नव्हती. तुमचं म्हणणं बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं."

आयलीन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. खिशातून फोन काढून तिनं मुलीला लावला. "कर्स्टी, इस्लाला आज नर्सरीतून लवकर काढ आणि इकडे आण. नाही गं, काही झालं नाही. माझं डोकं ठीक आहे. अगं रडत नाहीये मी. सांगते नंतर. आण तिला." ती रडतच होती. अवधूत पायपुसण्यावर उभा होता, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

तिनं फोन ठेवला आणि डोळे पुसले.

"मी कॅन्टीनमध्ये विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी आईचं सांगितलं तुला."

"हो."

"रोज सकाळी उठल्यावर मी महिन्यांची नावं उलटी म्हणते, एव्ही. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत. तपासणीत ते विचारतात. एखाद्या दिवशी अडखळले की दिवसभर घराबाहेर पडत नाही."

अवधूतला सॉरी म्हणायचं होतं. तो शब्द त्यानं आयुष्यात बसमध्ये धक्का लागल्यावर इतक्या वेळा वापरला होता, की इथं तो काढायचं धाडस होईना. "मी आज हरीशला मेल करतो," तो म्हणाला. "त्या मीटिंगमधल्या सगळ्यांना करतो."

"आज नाही. आत्ता. बॅगेत लॅपटॉप आहे ना?"

तिनं त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं. शेजारी नातीची उंच खुर्ची होती. चहाचं तिनं विचारलं नाही, आणि तेच बरं झालं. अवधूत लिहायला लागला. हरीशचं नाव, खोलीतल्या बाकी आठ जणांची नावं, एकही न चुकता. लिहून झाल्यावर त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ओळी चारच होत्या.

'क्वेरी नंबर अठ्ठ्याऐंशी आयलीन मकॉल यांनी मागे घेतलेली नव्हती. त्यांच्याशी माझं फोनवर काहीही बोलणं झालं नव्हतं. ती मागे घेतल्याची नोंद मी चुकून केली. या प्रकरणात त्यांचा कसलाही दोष नाही.'

आयलीननं चष्मा लावला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन वाचलं. पहिल्या ओळीवरून तिचं बोट सावकाश खाली आलं, आणि तिसऱ्या ओळीतल्या 'चुकून'वर थांबलं.

"हे काढ," ती म्हणाली.

तो शब्द आपण कधी लिहिला, ते अवधूतला आठवेना. त्यानं तो काढला आणि मेल पाठवली.